आवाज न चढवता घर चालवणारी गोड माणसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या थोरल्या जाऊबाई स्वभावाने अतिशय गोड, कधी आवाज चढवत नाहीत, कुणाला उलट बोलत नाहीत. तरीही दिवाळी कुठे करायची, सासूबाईंना कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, गावच्या घराची डागडुजी यंदा की पुढच्या वर्षी, हे सगळं शेवटी त्यांच्याच मनासारखं होतं. तुम्ही काही बोललात की भांडखोर तुम्ही ठरता. नवरा म्हणतो, 'वहिनी तशी नाहीये.' आणि तुम्ही विचारलंय, 'त्या हे मुद्दाम करतात का, की माझंच मन वाकडं आहे?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं मन वाकडं नाही. घरातल्या निर्णयांवर एका व्यक्तीची पकड आहे आणि ती तुम्हाला जाणवली, एवढंच झालंय. पण पकड आहे म्हणजे डाव आहे, असं लगेच धरून चालू नका. कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं काम करताना अशी माणसं मला सतत भेटतात. कधी ती स्वतः येतात, बहुतेक वेळा त्यांच्याबद्दलची तक्रार घेऊन दुसरं कुणीतरी येतं. त्यातली काही अख्खं घर सांभाळून धरणारी असतात, काही खरोखर केसाने गळा कापणारी. बाहेरून दोघं सारखीच दिसतात, तेच हसणं, तोच हळू आवाज. फरक कुठे शोधायचा ते सांगते, पण ही पकड येते कुठून ते आधी पाहायला हवं, कारण पुढचे उपाय त्यावरच उभे आहेत.

रिचर्ड इमर्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये सत्तेबद्दल एक साधी मांडणी केली. तुमची माझ्यावर किती सत्ता, तर मी तुमच्यावर जितकी अवलंबून आहे तितकी. हे तुमच्या घराला लावून बघा. सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या कधी संपतात हे कुणाला ठाऊक असतं? गेल्या लग्नात कुणाकडून काय आहेर आला होता, ती वही कुणाच्या कपाटात आहे? सासरे चिडले की त्यांच्याशी बोलायला कुणाला पुढे करतात? बाहेरगावच्या नातेवाइकांचा फोन आधी कुणाला येतो? या सगळ्यांचं उत्तर जर एकच असेल, तर त्या बाईंना आवाज चढवायची गरजच काय? घराचं निम्मं चालणं त्यांच्या हातातून जातं. हे त्यांनी हिसकावून घेतलेलं नसतं. इतरांनी वर्षानुवर्षं 'तुम्हीच बघा ना' म्हणत त्यांच्याकडे सरकवलेलं असतं.

दुसरा स्रोत म्हणजे ऐकणं. अशी माणसं बोलतात कमी, ऐकतात मनापासून. बोलणाऱ्याला बरं वाटतं, आणि उठून जाताना तो आपली इच्छा, आपली भीती, आपला पैशाचा हिशेब तिथे ठेवून जातो. दिवाळीचा विषय रात्री जेवताना निघतो तेव्हा तुमच्यासाठी तो नवा असतो. जाऊबाईंनी तो सासूबाईंजवळ दुपारी काढलेला असतो, दिरांना चहा देताना चाचपलेला असतो, मुलांची परीक्षा कधी संपते हेही विचारून ठेवलेलं असतं. ताटावर तुम्ही एक मत घेऊन बसता आणि त्या चार होकार घेऊन. कचेऱ्यांतही हेच चालतं. साहेब दर तीन वर्षांनी बदलतात, पण कोणती फाइल कुठे अडली आहे आणि कोण कुणाशी बोलत नाही हे एखाद्या मृदू बोलणाऱ्या जुन्या हेडक्लार्कला माहीत असतं, आणि नवा साहेब पहिल्या आठवड्यातच त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसतो. ज्यांच्यात थेट बोलणं नाही अशा दोन बाजूंच्या मध्ये जो उभा असतो, त्याच्या हातात किती बळ येतं, हे समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्ट यांनी संस्थांचा अभ्यास करून १९९२ मध्ये सविस्तर मांडलं. एकत्र कुटुंबात अशा न बोलणाऱ्या जोड्या भरपूर असतात.

आता तुमच्या सगळ्यात दुखऱ्या मुद्द्याकडे येते. खरं तुम्ही बोलता आणि वाईटही तुम्हीच ठरता, हे का होतं?

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा १९४६ चा एक प्रयोग आहे. एका माणसाचं वर्णन म्हणून गुणांची यादी वाचून दाखवायची: हुशार, कुशल, कष्टाळू, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला तीच यादी, फक्त 'प्रेमळ'च्या जागी 'थंड'. एवढ्याने त्या माणसाचं अख्खं चित्र बदललं. पहिल्या गटाला तो उदार, मनमिळाऊ, विनोदबुद्धी असलेला वाटला, दुसऱ्याला आप्पलपोटा. आणि गंमत म्हणजे त्याच जागी 'सभ्य' आणि 'फटकळ' ही जोडी घातली तेव्हा फारसा फरक पडला नाही. लोकांच्या मनावर नुसत्या गोड बोलण्याचा परिणाम थोडा, मायेचा फार मोठा. तुमच्या नवऱ्याला शाळेतून आल्यावर गरम पोळी वाढणारी वहिनी आठवते. ती माया त्याने खरोखर अनुभवलेली आहे. त्याच्यापुढे तुम्ही दिवाळीच्या निर्णयाचा पुरावा ठेवता तेव्हा त्याला तो पुरावा दिसतच नाही, त्याच्या आठवणींवर कुणी हात टाकतंय असं वाटतं.

दुसरा धागा १९९८ च्या एका संशोधनातला आहे. जॉन स्कोव्रोन्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एखादा माणूस तिसऱ्याच्या वागण्याचं वर्णन करतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात ते गुण नकळत वर्णन करणाऱ्यालाच चिकटतात. 'अमकी कपटी आहे' असं सांगणारी व्यक्ती थोडीफार कपटी वाटू लागते. म्हणून नणंदेपाशी, मावशींपाशी, शेजारी केलेली प्रत्येक तक्रार तुमच्याच खात्यावर जमा होत गेली. जाऊबाई कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत, 'ती मनाने चांगली आहे हो, जरा लवकर चिडते एवढंच' असं म्हणतात, आणि त्यांच्याबद्दलचं मत आणखी वर जातं.

हे त्या जाणूनबुजून करतात का? बहुतेक वेळा याचं उत्तर त्यांनाही देता येणार नाही. माणूस हे फार लहानपणी शिकतो. ज्या घरात वडिलांचा राग उघड अंगावर येतो तिथलं मूल पावलांच्या आवाजावरून आज काय होणार हे ओळखायला शिकतं. सगळ्यांना शांत ठेवणं हेच त्याचं काम होऊन बसतं आणि मोठेपणी लोक त्याला 'किती समजूतदार' म्हणतात. शांत असणं आणि गोड असणं या मुळात वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्र त्यांना स्वभावाची दोन वेगळी परिमाणं मानतं आणि एकातून दुसरं निघत नाही. दोन्ही एकत्र असतात तेव्हा मी आधी विचारते, की या व्यक्तीला उघड बोलण्याची मुभा कधी होती का?

सुनांच्या बाबतीत हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. समाजशास्त्रज्ञ डेनिझ कांडियोटी यांनी १९८८ मध्ये पितृसत्तेशी बायका जो सौदा करतात त्याबद्दल लिहिलं. उत्तर भारतापासून मध्यपूर्वेपर्यंतच्या एकत्र कुटुंबांत नवी सून सगळ्यात खालच्या पायरीवर येते. वय वाढलं, मुलगे झाले, पुढची सून आली की तिला सत्ता मिळते, तीही थेट नाही तर मुलाच्या आणि नवऱ्याच्या मार्फत. आपल्याकडचं चित्र फार वेगळं नाही. तुमच्या जाऊबाई या घरात आल्या तेव्हाची परिस्थिती आठवून किंवा विचारून बघा. हातात स्वतःचे पैसे होते? माहेरी जायला कुणाची परवानगी लागायची? जेवताना चर्चेत त्यांचं मत विचारलं जायचं? बहुतेक घरांत याचं उत्तर 'नाही' असतं. मग त्यांनी जो एक रस्ता उघडा होता तो धरला. सासूची मर्जी, दिरांची भूक, पाहुण्यांचा मान, आणि कधीही न चढणारा आवाज. तुम्ही पगार घेऊन, स्वतःचं मत घेऊन त्याच घरात आलात आणि पहिल्या वर्षीच जेवताना उघड बोललात. त्यांना ते कसं वाटलं असेल? जे मिळवायला त्यांना पंधरा-वीस वर्षं गप्प राहावं लागलं ते कुणीतरी एका वाक्यात मागतंय, असं वाटण्याची शक्यता मोठी आहे. हे समजून घेतलं म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. पण समोर बसलेल्या बाईकडे बघण्याची नजर बदलते, आणि पुढचं बोलणं त्या नजरेवर अवलंबून असतं.

आता फरक कसा ओळखायचा. हेतू शोधत बसू नका, तो कुणालाच दिसत नाही. एकच गोष्ट बघा: तुम्ही 'नाही' म्हटल्यावर पुढे काय होतं?

निरोगी मनाच्या शांत माणसाला 'नाही' म्हटलं की त्याला वाईट वाटतं, कदाचित ते चेहऱ्यावर दिसतं, पण ते तुमच्याशीच बोलतं. 'मला वाटलं होतं तुम्ही याल' असं म्हणतं. दोन दिवसांनी गाडी रुळावर येते आणि पुढच्या वेळी 'नाही' म्हणायला तुम्हाला भीती वाटत नाही. दुसऱ्या प्रकारात शब्द याहून गोड असतात: 'मला काय, तुम्हाला बरं वाटेल ते करा.' मग चार दिवस फक्त कामापुरतं बोलणं. तुमच्या मुलीच्या डब्यात नेहमीचा लाडू नसतो. सासूबाई अचानक म्हणतात, 'तिला किती लागलं ते.' म्हणजे तक्रार पोचलेली असते, पण जिच्याबद्दल आहे तिच्यापर्यंत थेट आलेली नसते. दोघांमधला ताण तिसऱ्यावर टाकणं हे कुटुंबोपचारात मरे बोवेन यांनी नीट ओळखून दाखवलेलं वळण आहे, आणि एकत्र कुटुंबात त्यासाठी तिसरं माणूस कायम हाताशी असतं. मुलांमध्येही हे दिसतं. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी १९९५ मध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास करून मांडलं की मारामारी न करता, खेळात न घेऊन, मैत्री तोडण्याची धमकी देऊन, इतरांना फितवून दुखावणं हीसुद्धा आक्रमकताच आहे. पॅट्रिशिया हॉली यांच्या कामातून तर असं पुढे आलं की गरज पडेल तसं गोड आणि कठोर दोन्ही वागणारी मुलं वर्गात बऱ्यापैकी लोकप्रियही असतात.

अबोल्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायका त्याला फार हलकं लेखतात. 'काही बोलल्या तर नाहीत ना, मग मला एवढं का लागतं?' असं विचारतात. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या प्रयोगात संगणकावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात. खरं माणूस एकच, बाकीचे दोन म्हणजे संगणकाचा कार्यक्रम. थोड्या वेळाने ते दोघं या माणसाकडे चेंडू टाकणं बंद करतात. अनोळखी, पुन्हा कधी न भेटणारे, खेळ काही मिनिटांचा, तरी आपण कुणाचे आहोत ही भावना, स्वतःबद्दलचा आदर, गोष्टी आपल्या हातात आहेत हा विश्वास, आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही जाणीव, चारही खाली येतात. मग रोज एका स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या माणसाने चार दिवस तुमच्याकडे न बघणं किती खोल जात असेल? तुम्ही हळव्या नाही आहात. फक्त एक भेद ठेवा. 'आत्ता नको, मी चिडले आहे, संध्याकाळी बोलू' असं म्हणून गप्प होणारा माणूस स्वतःला सावरत असतो. शांत होण्याची वेळ तो सांगतो. अबोल्याला अशी वेळ नसते, तो तुम्ही शरण येईपर्यंत चालतो.

शांत माणसाची सत्ता चांगलीही असते, हे सांगायला मला आपल्याच इतिहासातलं एक नाव आठवतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात न्यायखात्यात आले. सरकारी नोकर असल्यामुळे उघड राजकारण करणं शक्य नव्हतं. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा ही संस्था गणेश वासुदेव जोशी यांनी आदल्याच वर्षी काढली होती. पुढे सभेच्या अर्जांमागे, तिच्या त्रैमासिकामागे विचार आणि बराच मजकूर रानड्यांचा असायचा, पुढे दिसायचे इतर. स्वभाव सौम्य, रागाला रागाने उत्तर न देणारा. तरी सरकारला त्यांचं वजन इतकं जाणवत होतं की १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या दिवसांत त्यांची बदली धुळ्याला झाली आणि टपालावर नजर ठेवली गेली. माझ्या दृष्टीने खरी कसोटी पुढे आहे. १८९५ मध्ये पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मांडवात त्यांची समाजसुधारणेसाठीची सामाजिक परिषद भरवायला विरोध झाला तेव्हा त्यांनी ती दुसरीकडे भरवली. त्याच वर्षी सार्वजनिक सभेच्या कार्यकारी मंडळात टिळकांच्या बाजूला बहुमत मिळालं. इतकी वर्षं जपलेली संस्था हातातून गेली. रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली, आपली भूमिका जाहीर मांडून. विरोधाला सामोरं जाताना ते काय करतात हे सगळ्यांना दिसत होतं. इथे लोक 'नाही' म्हणू शकले, आणि म्हटल्यावर कुणाला त्याची छुपी किंमत मोजावी लागली नाही.

तुमच्या जाऊबाई यातल्या कुठल्या बाजूच्या, हे मला इथून सांगता येणार नाही. तुमच्या पत्रात 'नाही' म्हटल्यानंतरचं फारसं काही नाही, कारण बहुधा तुम्ही अजून स्पष्ट 'नाही' म्हटलेलंच नाही. नाराजी दाखवली, कुरबुर केली, नवऱ्याशी भांडलात. तेव्हा आधी ते करून बघा, पण नीट.

घरात आणि नात्यात जाऊबाईंबद्दल बोलणं आजपासून बंद. अगदी आईशीसुद्धा काही आठवडे नको. मन मोकळं करायला घराबाहेरची एक मैत्रीण पुरे. मग एक विषय निवडा, फक्त एक, आणि त्यांच्याशी एकटीने बोला. स्वभावाबद्दल अवाक्षर काढू नका. 'तुम्ही नेहमी तुमच्या मनासारखं करता' हे वाक्य कितीही खरं असलं तरी त्यावर उत्तर नसतं, फक्त डोळ्यांत पाणी येतं. त्याऐवजी असं म्हणा: 'ताई, यंदा पाडवा आमच्याकडे करायचा माझा विचार आहे. तुम्हाला काय वाटतं ते मला सांगा, आईंकडून कळायला नको.' शेवटचे शब्द मुद्दाम घातलेत. ते सौम्य आहेत, आणि वळणाचा रस्ता बंद करतात. त्या 'बघू' म्हणाल्या तर 'रविवारपर्यंत सांगाल?' असं विचारा. ठरलं की त्याच दिवशी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहून टाका, 'ताईंशी बोलणं झालं, पाडवा आमच्याकडे.' सगळ्यांसमोर ठरलेली गोष्ट आतल्या आत फिरवणं अवघड जातं.

याहून महत्त्वाचं काम संथ आहे. इमर्सन यांची मांडणी खरी असेल तर घराचं अवलंबित्व कमी झाल्याशिवाय काही बदलणार नाही. सासूबाईंची दर महिन्याची डॉक्टरांची फेरी तुम्ही घ्या. रजा टाकावी लागली तरी घ्या. गोळ्यांची नावं, रिपोर्ट, डॉक्टरांचा नंबर तुमच्याकडे असू द्या. बाहेरगावच्या मावशींना तुम्ही स्वतः फोन करा, कामाशिवाय. सासऱ्यांशी जे बोलायचं ते दुसऱ्याकरवी पोचवू नका. पुष्कळ जणींना निर्णयात वाटा हवा असतो पण ही कामं नको असतात. तुमच्याही बाबतीत तसं असेल तर जाऊबाईंची पकड सैल होणार नाही, आणि मी म्हणेन ती व्हायलाही नको.

नवऱ्याकडून निवाडा मागू नका. वहिनी बरोबर की बायको, असं विचारलंत की तो पळ काढणार. त्याला एक ठरावीक काम द्या: 'उद्या विषय निघाला की तू म्हण, आमचं पाडव्याचं ठरलंय.' बस.

एका परिस्थितीत मात्र यातलं काही करत बसू नका. माहेरी फोन करू न देणं, पगार किंवा एटीएम कार्ड काढून घेणं, मुलांना तुमच्यापासून तोडणं, सतत अपमान, किंवा तुम्हाला भीती वाटावी असं काही चाललं असेल, तर ती गोड स्वभावाची गोष्ट उरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घरातल्या स्त्री नातेवाइकांविरुद्धही त्याखाली दाद मागता येते. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मनाचा ताण असह्य झाला तर १४४१६ वर टेलिमानसची मोफत सेवा आहे.

शेवटी जाऊबाईंबद्दल. गोड राहण्याची किंमत त्याही मोजत असतील. नातं टिकावं म्हणून स्वतःचा आवाज दाबत राहणाऱ्या स्त्रियांवर मानसशास्त्रज्ञ डॅना जॅक यांनी काम केलं. अशा दाबण्याचा आणि नैराश्याचा संबंध त्यांना आणि नंतर इतर अनेकांना दिसला. अशा बायका माझ्याकडे येतात त्या डोकेदुखीसाठी, झोप लागत नाही म्हणून, 'सगळं करते पण मला कुणी विचारत नाही' म्हणून. त्यांना शेवटचं कुणी 'तुम्हाला काय हवंय' असं विचारलं होतं हे त्यांना आठवत नाही. पाडव्याचं बोलून झालं की तुम्ही ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पहिल्यांदा त्या 'मला काय हवंय, तुम्ही सगळे खूश असलात की झालं' असंच म्हणतील. पुन्हा विचारा.

सुरुवातीचे काही आठवडे घरातलं वातावरण बिघडल्यासारखं वाटेल. त्या नेहमीपेक्षा जास्त गोड होतील किंवा जास्त गप्प. तुम्ही तुमचं 'नाही' आणि तुमचं सासूबाईंचं काम, दोन्ही सोडू नका. पाडवा झाल्यावर काय काय घडलं ते मला लिहून कळवा, विशेषतः त्या तुमच्याशी थेट काय बोलल्या आणि दुसऱ्यांकडून तुमच्यापर्यंत काय आलं, हे वेगवेगळं लिहा. त्यावरून पुढचं बोलता येईल.